वहाबभाईंचा बिनलग्नाचा मंडप

मंडप दिसला की वऱ्हाडातला माणूस दोनच प्रश्न विचारतो. कोणाचं आहे, आणि पंगत कधी बसते? तिसरा प्रश्न विचारायची त्याला गरज पडत नाही, कारण तोवर तो सतरंजीवर मांडी घालून बसलेला असतो. मी पातूरच्या शाळेत मास्तर होतो आणि असे कितीतरी मंडप जेवलो होतो, तेव्हा हे मला चांगलं ठाऊक होतं. वहाबभाईंना तर माझ्याहून जास्त ठाऊक असायला हवं होतं, कारण त्यातले निम्मे मंडप त्यांनीच टाकलेले होते. तरी त्यांनी जे करायचं ते केलं, आणि मला सोबत नेऊन केलं.

वहाबभाईंचं बिछायत केंद्र आमच्या घराला लागून होतं. मंडप, कनाती, सतरंज्या, गाद्या-लोड आणि गावभराची भाजी शिजेल असे गंज भाड्याने देणाऱ्याला आमच्याकडे बिछायतवाला म्हणतात. वहाबभाई बुटके आणि रुंद, दाढी मेंदीने लाल केलेली, कमरेला कायम सुतळीचा गुंडा. उभी असलेली कोणतीही वस्तू दिसली की ती हलवून पाहायची, ही त्यांची खोड. विजेचा खांब हलवत, दुसऱ्याच्या घराची चौकट हलवत. एका पंधरा ऑगस्टला सगळी शाळा सलामी देऊन उभी असताना त्यांनी झेंड्याचा खांब हलवून पाहिला आणि मुख्याध्यापकांना म्हणाले, "रोवनी कच्ची हाय, सर." रोवणी पक्की होती. वहाबभाईंनी हलवल्यावर कच्ची झाली.

कोणाच्या घरी गेले की ते आधी अंगणाकडे पाहत, मग माणसांकडे. पुतण्यासाठी मुलगी पाहायला बाळापूरला गेले होते. मुलगी चहा घेऊन बाहेर यायच्या आतच यांनी जाहीर करून टाकलं, "पाचशे मानूस आरामात बसते." मुलीच्या बापाला वाटलं सोयरीक पक्की झाली, त्याने पेढे मागवले. पुढे ते लग्न झालं आणि बरं चाललंय, पण त्यात वहाबभाईंची अक्कल काही नव्हती.

मंडप उतरवला की बल्ल्यांचे, म्हणजे लाकडी खांबांचे, खड्डे बुजवायचे, पायाने दाबायचे, वर पाण्याचा शिपका मारायचा, हे काम मात्र ते स्वतः करत. "खड्डा तसाच ठेवला का पुढच्या लगनात नवरदेवाचा घोडा पडते," असं त्यांचं म्हणणं. मी एकदा विचारलं, आजवर किती घोडे पडले? "एकबी नाई. म्या बुजवले म्हून नाई पडले," ते म्हणाले.

आणि हा माणूस उभ्या जन्मात मंडपात बसला नव्हता. आधी येऊन खांब रोवायचे, मधे सगळीकडे धावायचं, सगळ्यांत शेवटी उरलंसुरलं खायचं. स्वतःच्या लग्नाची गोष्ट तर हमीदाभाभी येईल त्याला सांगत. ऐन वेळी वावटळ उठली आणि नवरदेव जागेवरून गायब झाला. "काजीसाब दुल्ले को ढूंड रे, और ये बल्ली पकड के खड़े. वहींच से बोले, कबूल है." भाभी हे हसत सांगत, पण सांगून झालं की वहाबभाईंकडे जरा रागाने बघत.

ती वर्षं काही हसण्याची नव्हती. कापसाने मान टाकली होती. लग्नं आखडली, एकाच मंडपात तालुक्याची सगळी लग्नं उरकायची पद्धत सुरू झाली. दौरे मात्र वाढले. आज हे सरकारी पथक, उद्या ते, आणि प्रत्येक पथकाला सावली हवी. कधी कधी मंडप कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्याच्या दारी टाकावा लागे, तिथे कोणी मोठ्याने बोलत नसे. तिथून आले की वहाबभाई त्या दिवशी दुकान उघडत नसत. ओट्यावर बसून सुतळीच्या गाठी सोडवत राहत, आणि मीही जवळ जाऊन उगाच गप्पा मारत नसे.

अशाच एका रिकाम्या दुपारी त्यांनी टीव्हीवर एक गोरं जोडपं पाहिलं. धावतच माझ्याकडे आले.

"सर, त्या दोघायनं सरकारी जागेवर, डोंगरात मंडप टाकला. लहानसाच. आन् मंग मंडपाच्या समोर खुर्च्या टाकून च्या पेत बसले."

"मग?"

"मंग काईच नाई. लगन नाई, बारसं नाई, सभा नाई. आपला मंडप, आपुनच बसाचं." त्यांचा आवाज खाली आला. "सर, इतके वर्सं या धंद्यात हाओ, मले हे सुचलंच नाई."

मी हसलो. ते हसले नाहीत. "मले एक डाव मंडपात निस्तं बसाचं हाय," ते म्हणाले. "कोनी म्हनलं नाई पायजे का वहाबभाई, पानी आना." तेव्हा मला कळलं की हे प्रकरण गंभीर आहे. मला स्वतःच्या खाटेशिवाय कुठे झोप येत नाही आणि गवतात बसलो की अंगाला खाज सुटते, तरी मी हो म्हणालो. शेजारधर्म हा असाच कधीतरी अंगाशी येतो.

जागा ठरली जवळच्या एका खेड्याच्या ई-क्लासची. गावाच्या गुरांसाठी सरकारने सोडलेल्या चराऊ जमिनीला आमच्याकडे ई-क्लास म्हणतात. तिथे गुरं चरतात, पोरं क्रिकेट खेळतात आणि पुढारी डोळा ठेवून असतात. पातूरच्या लेण्यांच्या बाजूच्या डोंगरात जाऊ म्हटलं तर तिथे जंगलखात्याचा गार्ड हटकणार. नदीकाठ वहाबभाईंनीच नाकारला, कारण आपण पाण्याशी बसलो तर गुरं बुजतात आणि तहानलेली परत जातात. मी विचारलं, ई-क्लासवर राहायला परवानगी लागत नाही का?

"गाय घेते का परवानगी?"

"गाय संध्याकाळी घरी जाते, भाई."

त्यांनी यावर बराच विचार केला. "मंग आपुन सकाळी जाऊ," ते म्हणाले.

दोन माणसांना एका रात्रीसाठी किती सामान लागतं? वहाबभाईंनी मॅटाडोर भरून आणली. शामियाना, झालरी, कनाती, लोड आणि नवरानवरीला बसवायची लाल मखमलीची राजाराणी खुर्ची, जिच्या दोन्ही हातांवर सोनेरी सिंह होते. वर कमानीचं गेट, त्यावर 'स्वागतम्'. मी म्हटलं, भाई, गेट कशाला? ते म्हणाले, "गेट नाई तं मंडपात शिराचं कोठून?" चारी बाजूंनी उघडं माळरान होतं. तरी सामान उतरवताना मला त्यांनी गेटातूनच ये-जा करायला लावली.

ऊन कलायच्या आत मंडप उभा राहिला. मला त्यांनी सिंहासनावर बसवलं, स्वतः लोडाला टेकायला खाली वाकले, आणि वाकलेल्या अवस्थेतच थांबले. गावाच्या बाजूने माणसं येत होती. पुढे म्हातारे, मागे बाया, त्यांच्या मागे पोरं. प्रत्येकाच्या हातात पाण्याचा तांब्या. पंगतीला येणारा माणूस पाण्याचा तांब्या घरूनच आणतो, म्हणजे पुढचं सांगायला नको. सगळे गेटातून आत आले आणि रांगा धरून बसले.

"कोनाचं हाय जी?" पुढच्या म्हाताऱ्याने मला विचारलं.

"कोणाचंच नाही," मी म्हणालो.

"म्हंजे साऱ्याइचंच हाय," म्हातारा मागे वळून सगळ्यांना म्हणाला, आणि रांगा जास्तच सैल होऊन बसल्या.

घोटाळा असा झाला होता. आमच्याकडे मोठ्या कार्याला चूलबंद आवतन असतं. म्हणजे त्या दिवशी गावात कोणी चूल पेटवायची नाही, सगळं घर जेवायला. ई-क्लासवर एवढा मंडप पडलाय आणि गेट लागलंय म्हटल्यावर गावाने ठरवून टाकलं की चूलबंदच असणार, सांगायला येणारा वाटेत कुठे अडकला असेल. एकाही घरात चूल पेटली नव्हती. आणि आमच्याकडे होती सहा अंडी.

मी हळूच म्हणालो, भाई, खरं सांगून टाकू. वहाबभाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना मंडपाला आग लावायला सांगत होतो. "मांडवात बसलेला मानूस उपाशी उठवाचा? माह्या मांडवातून?" मग ते गेटात उभे राहिले आणि गावाला म्हणाले, "मंडप माहा, जागा सरकारची, स्वयंपाक तुमचा." मग एक म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली, म्हणाली, "बरं सांगतलं बाप्पा, मी पीठ आन्तो," आणि निघालीच. अर्ध्या तासात गोवऱ्या आल्या, कणीक आली, वांगी आली. मॅटाडोरमधला मोठा गंज निघाला. विस्तवात कणकेचे जाड रोडगे भाजले गेले, वांग्याच्या भाजीचा तवंग पाहून मी अंगाची खाज विसरलो. त्या वर्षी त्या गावात एकही मोठं कार्य झालं नव्हतं. सगळं गाव एकत्र बसून जेवलंय असं कित्येक दिवसांत घडलं नव्हतं, हे मला शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने सांगितलं, आणि सांगताना तो तिसरा रोडगा तुपात चुरत होता.

मी सिंहासनावर बसून जेवलो. वहाबभाई वाढत होते. "पानी कोनाले? भाजी इकडं आना." सगळ्यांत शेवटी ते गंजाच्या काठाशी उभे राहून जेवले.

दुसऱ्या खेपेला त्यांनी धडा घेतला. गेट नाही, झालर नाही, रंगीत काही नाही. साधा पांढरा शामियाना, दुसऱ्या गावाचा ई-क्लास, रस्त्यापासून लांब. राजाराणी खुर्ची मात्र आणलीच, कारण मला खाली बसायला त्रास होतो हे त्यांनी मनावर घेतलं होतं. आता माळावर पांढरा शामियाना, आत मखमली खुर्ची, खुर्चीत चष्मा लावलेला माणूस. त्या वर्षांत याचा अर्थ एकच होता, सरकारी डॉक्टरचं शिबिर. पाऊण तासात पहिली शेळी आली.

शेळीमागे बैल, बैलामागे म्हैस. एक जण बिनजनावराचा आला, त्याने मला सगळे दात दाखवले. मी ओरडून सांगत होतो की मी गणित शिकवतो. "हौ साहेब, पन जरा पाहून तं घ्या," असं म्हणून ते शेळीचं तोंड माझ्यापुढे धरत. वहाबभाईंनी काय करावं? त्यांनी रांग लावली. जनावरं डावीकडे, माणसं उजवीकडे.

तेवढ्यात दूरच्या रस्त्यावरून एक सरकारी जीप चालली होती, ती वळली. आतल्या साहेबांनी मंडप पाहिला, गर्दी पाहिली, आणि त्यांची खात्रीच झाली की हे सगळं आपल्यासाठी आहे, फक्त आपल्याला कोणी कळवलेलं नाही. ते उतरले, कोणाला काही न विचारता राजाराणी खुर्चीत माझ्या शेजारी येऊन बसले, आणि जागा कमी पडत असल्यासारखं माझ्याकडे पाहू लागले. मी राणीच्या बाजूला सरकलो. मॅटाडोरमध्ये प्लॅस्टिकचे हार होतेच. वहाबभाईंनी एक साहेबांना घातला आणि सवयीने दुसरा मला घातला. लोक टाळ्या वाजवू लागले. शेळी माझा हार खाऊ लागली.

साहेबांनी भाषण केलं. भाषणात त्यांनी गावाचा हातपंप दुरुस्त करायचा शब्द दिला, आणि नवल म्हणजे तो आठ दिवसांत दुरुस्तही झाला. गाव आजही त्याचं श्रेय वहाबभाईंना देतं. त्या संध्याकाळी मात्र वहाबभाईंनी खड्डे नेहमीपेक्षा जास्त जोराने दाबून बुजवले. मॅटाडोरमध्ये बसल्यावर म्हणाले, "सर, लोकं काहून येतात हो?" मला त्यांची फार दया आली. लोक येणारच, हे त्यांना सांगायचं माझ्या जिवावर आलं.

तिसऱ्या खेपेला घाटाकडचा असा ई-क्लास शोधला की जिथे गुराखीसुद्धा आठवड्यातून एखाद्या वेळी फिरकतो. खुर्ची घरी ठेवली. एक लहान कनात, एक सतरंजी, चहाचं सामान. आणि खरोखर कोणी आलं नाही. समोर उतरतं ऊन, गवतात वारा, एक टिटवी काय ती ओरडत होती. मी सतरंजीवर आडवा झालो. मलाही बरं वाटत होतं, हे मी त्यांच्यापासून लपवलं.

वहाबभाई बसले. लगेच उठले. कनातीची दोरी ताणली. पुन्हा बसले. सतरंजीचं टोक दुमडलं होतं ते सरळ केलं. चहा केला, कप माझ्या हातात दिला आणि दोन्ही हात मागे बांधून माझ्यासमोर उभे राहिले.

"साखर बरोबर हाय ना, सर?"

"बरोबर आहे. बसा ना."

"आनखी काई आनू का?"

"वहाबभाई, इथे मीच आहे. मी पाहुणा नाही."

"हौ ना," ते म्हणाले आणि लोड आणायला गेले. मैलोगणती कोणी नव्हतं, तर त्यांनी माझंच लग्न लावायला घेतलं. शेवटी ते माझ्यासमोर उकिडवे बसले आणि बराच वेळ सुतळी बोटाला गुंडाळत राहिले. "लोकायचा कसूर नाई, सर. मलेच बसता येत नाई," ते म्हणाले. "आपला मंडप असला का बूडच टेकत नाई." अंधार पडायच्या आत आम्ही सगळं आवरून निघालो. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मीही काढला नाही. भाभींनी एकदा भिंतीवरून विचारलं, "क्या हुआ इनके डोंगर का?" मी म्हटलं, काही नाही, पाऊसपाणी बघून ठरवू.

मी निवृत्त होऊन अमरावतीला मुलाकडे राहायला गेलो. पातूरला जाणं वर्षातून एखाद्या वेळी. वहाबभाईंच्या मुलाने बिछायत विकून लग्नाचं लॉन काढलं होतं. तिथे सगळे खांब लोखंडी आणि कायमचे, हलवून पाहण्यात काही मजा नव्हती. वहाबभाई थकले होते, गुडघे गेले होते, दाढीची मेंदी मात्र तशीच. मागच्या खेपेला मी गेलो तेव्हा म्हणाले, "चला, घाटाकडून चक्कर मारून येऊ." पुतण्याने आम्हा दोघांना रिक्षातून तिकडे सोडलं आणि अर्ध्या तासात येतो म्हणून गेला.

ई-क्लासवर तीन लहान तंबू होते. निळे, नारिंगी, पावसाळी छत्रीच्या कापडाचे. अकोल्याच्या कॉलेजातली चारपाच मुलंमुली स्टोव्हवर काहीतरी शिजवत होती. वहाबभाई रस्त्यावरच थांबले, काठीवर दोन्ही हात ठेवून पाहत राहिले. मग चपला काढून हातात घेतल्या आणि सरळ त्यांच्यात गेले. मी मागोमाग.

"कोनाचं हाय, बेटा?" त्यांनी विचारलं.

"कोणाचं काही नाही, काका," एक मुलगी म्हणाली. "असंच."

वहाबभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "असंच हाय, सर," ते म्हणाले, आणि त्यांच्या चटईवर हळूहळू, एक गुडघा मग दुसरा, असे मांडी घालून बसले. काठी बाजूला ठेवली. मुलं एकमेकांकडे पाहू लागली. या म्हाताऱ्याला काय हवंय ते त्यांना कळेना. मी सांगणार होतो की आम्ही निघतोच, पण त्या मुलीला कुठल्या तरी शहाण्या आईने वाढवलं होतं. तिने एक कागदी ताटली घेतली, गरम शेवया वाढल्या आणि ती पहिली ताटली वहाबभाईंच्या पुढे ठेवली.

तेवढ्यात वारा सुटला. निळा तंबू एका कडेने उचलला गेला. खुंटी सरळ ठोकलेली होती, ती तिरपी ठोकायला हवी हे मलासुद्धा इतक्या वर्षांच्या संगतीने कळत होतं. वहाबभाईंना तर ते रस्त्यावरूनच दिसलं असणार. त्यांचा उजवा हात ताटलीवरून उठला आणि खुंटीच्या दिशेने गेला. मग त्यांनी तो मागे घेतला. खुंटी निघाली, तंबू उलटा झाला आणि माळावरून गडगडत निघाला, मागे सगळी मुलं ओरडत पळत सुटली. मीही उठू लागलो.

"बसा, सर," वहाबभाई म्हणाले. "ज्यायचा मंडप हाय ते पाह्यतीन."

मी बसलो. ते सावकाश जेवत होते, एकेक शेवई निवडून, लग्नातल्या व्याह्यासारखे. बऱ्याच वेळाने ती मुलगी धापा टाकत परत आली, तेव्हा त्यांनी ताटली पुढे केली आणि म्हणाले, "थोडंसं आनखी वाढ, बेटा. अन् पानी आन."